अंगणापर्यंत गेलेली शाळा



वसंत ऋतूत व्याख्याने भरवण्याची आपली प्रथा फार जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात हे महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले आहे. आपल्या जेसल पार्कात, खाडीवरच्या वाऱ्यात, ही प्रथा चालू राहते आहे याचे आम्हांस समाधान वाटते. येथे बोलण्याची संधी दिल्याबद्दल चालकांचे आभार मानून विषयाकडे वळतो.

चालकांनी आम्हांस विषय दिला तो ‘शाळाचालक आणि समाजसेवा’ असा. विषय ऐकल्याबरोबर मनात येते ते असे, की शाळाचालकाने शाळेचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात काही समाजसेवा करावी. रक्तदानाचे शिबिर भरवावे, पूरग्रस्तांसाठी निधी जमवावा, वृक्षारोपण करावे. ही सर्व कामे चांगलीच आहेत. परंतु आज आम्हांस जे सांगावयाचे आहे ते निराळे आहे. शाळाचालकाची खरी समाजसेवा शाळा सुटल्यानंतर सुरू होत नाही. तो शाळा कशी चालवतो, तिची वेळ कोणासाठी ठरवतो, तिचे दार कोणासाठी उघडतो आणि जे मूल आले नाही त्याच्याविषयी काय करतो, यांतच ती असते. हे तत्त्व म्हणून सांगितले तर कोरडे वाटेल. म्हणून एका जीवनाच्या आधाराने ते मांडावे असे आम्ही ठरवले आहे. ते जीवन म्हणजे कोसबाडच्या अनुताई वाघ यांचे.

कोसबाड आपल्याला परके नाही. येथून भाईंदर स्थानकावर जावे, उत्तरेकडची गाडी धरावी. खाडीचा पूल ओलांडला की नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. तेथून पुढे वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर असे करीत डहाणू येते. डहाणूच्या पुढचे स्थानक घोलवड. या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपणांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्याच परिसरात कोसबाडची टेकडी आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत आपण आणि कोसबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. म्हणजे ज्या कामाने देशाला एक नवा शब्द आणि एक नवी व्यवस्था दिली, ते काम आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच रेल्वेच्या वाटेवर झाले. आणि तरीही चिकू आपल्या ओळखीचा आहे, पण ते काम नाही. असो.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. तो काळ कसा होता हे या मंडपातील वडीलधाऱ्या मंडळींना सांगावयास नको. अशा मुलीचे आयुष्य स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मध्ये कोठेतरी संपून जावयाचे. अनुताईंचे तसे झाले नाही. त्या शिकल्या. १९२९ साली पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, नाशिक जिल्ह्यात खेड्यातल्या शाळेवर नोकरी केली, आणि पुढे पुण्याला हुजूरपागेत शिकवू लागल्या. दिवसा शिकवावे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकावे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पुण्यातली नामांकित शाळा, कायमची नोकरी, मानाचे स्थान. त्या काळच्या एका बालविधवेला यापेक्षा अधिक काय मिळावयाचे होते? येथेच त्यांचे चरित्र संपले असते तरी कोणी नाव ठेवले नसते.

पण १९४५ साली बोरिवलीला, म्हणजे आपल्या भाईंदरपासून तीनच स्थानके अलीकडे, ग्रामसेविकांसाठी कस्तुरबा ट्रस्टचे एक शिबिर भरले. अनुताई त्या शिबिराला गेल्या आणि तेथे त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या, अनुताई पस्तीस.

ताराबाईंविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या होत्या. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यात त्यांचा वाटा मोठा. पुढे १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढला. माँटेसरी बाईंची पद्धत महाराष्ट्रात रुजवली ती ताराबाईंनी. पण त्यांच्या मनात एक प्रश्न सलत होता. दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गाची. माँटेसरीचे साहित्य महाग, त्याला सुतार पाहिजे, रंग पाहिजे, कपाटे पाहिजेत. मग खेड्यातल्या मुलाने काय करावे? माँटेसरी बाईंनी स्वतः आपले पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातल्या मजुरांच्या वस्तीत काढले होते. गरिबांच्या घरी जन्मलेली पद्धत आपल्याकडे श्रीमंतांच्या घरी येऊन राहिली. तिला पुन्हा गरिबाच्या घरी पोचवावे, म्हणून ताराबाई दादर सोडून बोर्डीला निघाल्या होत्या. अनुताईंनी पुण्याची नोकरी सोडली आणि त्यांच्याबरोबर निघाल्या.

बोर्डी समुद्रकाठचे गाव. तेथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल होते आणि आचार्य शंकरराव भिसे यांच्यासारखे मुख्याध्यापक तेथे पाय रोवून बसले होते. तेथे १९४५ साली ग्राम बालशिक्षा केंद्राची बालवाडी सुरू झाली. व्यवस्था चांगली, शिकवणाऱ्या निष्ठावंत, फी नाही. आणि मुले? ज्यांच्यासाठी सर्व मांडामांड केली त्या गरीब वस्त्यांतली मुले काही येईनात.

श्रोतेहो, येथे थोडे थांबले पाहिजे. असा प्रसंग प्रत्येक शाळाचालकावर केव्हा ना केव्हा येतो. आपण शाळा काढतो आणि मूल येत नाही. अशा वेळी आपण काय म्हणतो? पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाची किंमत नाही, या लोकांसाठी कितीही करा, व्यर्थ आहे. असे म्हटले की आपली शाळा निर्दोष ठरते, दोष पालकांच्या पदरात पडतो आणि आपण निजावयास मोकळे होतो. ताराबाई आणि अनुताई यांनी तसे म्हटले नाही. मूल का येत नाही ते पाहावयास त्या वस्तीत गेल्या. आई पहाटेच मजुरीला गेलेली असते. मुलाला न्हाऊ घालावयास, त्याचे केस विंचरावयास, त्याला हाताला धरून बालवाडीपर्यंत पोचवावयास घरात कोणी नसते. अंगावर धड कपडा नसलेल्या मुलाला गावातल्या नीटनेटक्या इमारतीची भीती वाटते. तेव्हा मूल जर बालवाडीकडे येत नाही, तर बालवाडीने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले.

आणि बालवाडी निघाली. पिशवीत चार वस्तू घ्यावयाच्या, वस्तीत जावयाचे, कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करावयाची. आधी त्यांचे हातपाय धुवावयाचे, नाक पुसावयाचे, केस विंचरावयाचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. गणन शिकवावयास चिंचोके, रंग ओळखण्यास पाने आणि फुले, लहानमोठे ओळखण्यास शिंपले आणि गोटे. महागडे साहित्य नाही म्हणून अडून बसावयाचे कारणच उरले नाही. मुलाचे अंगण हीच शाळा झाली. दारात आजी बसलेली असते, ती पाहते. मजुरीहून लवकर परतलेली आई पाहते. मूल स्वच्छ ठेवावे कसे, त्याच्याशी बोलावे कसे, हे तिला कोणी उपदेश न करता समजते. या बालवाडीला नाव मिळाले अंगणवाडी. आज साऱ्या देशात बोलला जाणारा हा शब्द कचेरीत जन्मला नाही. ठाणे जिल्ह्यातल्या गरिबांच्या अंगणात तो जन्मला.

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डीत गाव होते. कोसबाडला रान आणि रानात विखुरलेले वारल्यांचे पाडे. बोर्डीत शिकलेला धडा येथे पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला, कारण येथल्या मुलांच्या अडचणी निराळ्या होत्या. त्यांपैकी दोन आम्ही सांगतो.

पहिली अडचण मुलींची. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही. का? तर कडेवर धाकटे भावंड आहे. आई कामाला जाते, तान्हे मूल मुलीच्या कडेवर येते. मुलगी शाळेत गेली तर तान्ह्याला कोण पाहील? यावर कोसबाडला उपाय निघाला तो असा: तान्ह्यासाठी पाळणाघर, त्याच्यापेक्षा मोठ्यासाठी बालवाडी आणि ताईसाठी प्राथमिक शाळा, तिन्ही एकत्र, एकाच आवारात. ताई कडेवर भावंड घेऊन येते, त्याला पाळणाघरात ठेवते, मधल्याला बालवाडीत सोडते आणि स्वतः पहिलीच्या वर्गात बसते. या प्रयोगाला विकासवाडी हे नाव मिळाले. पुस्तकांत विकासवाडीविषयी पुष्कळ शास्त्रीय विवेचन सापडते, आणि तीन वर्षांच्या मुलापासून प्राथमिक शाळेपर्यंत शिक्षणाचा एकच अखंड धागा असावा हा त्यातला विचार मोलाचा आहे. पण आम्हांस विचाराल तर सर्व विवेचनाच्या मुळाशी ती कडेवर मूल घेतलेली मुलगी उभी आहे.

दुसरी अडचण मुलग्यांची. मोठा मुलगा गुरे चारावयास जातो. सकाळी गुरे सोडावयाची, दिवेलागणीला आणावयाची. दिवसभरात शाळेच्या घंटेला त्याच्या आयुष्यात जागाच नाही. त्याला शाळेत आणावे तर घरातले जेवण तुटते. तेव्हा अनुताईंनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, शिक्षक त्यांच्यात आहे. एखादे वासरू भलतीकडे गेले तर मुलाने उठावे, त्याला वळवून आणावे आणि पुन्हा येऊन बसावे. ही कुरणशाळा. ज्यांना दिवसा मुळीच सवड नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा होतीच.

आता शाळेचा कारभार करणाऱ्या कोणासही हे ऐकून थोडे हसू येईल आणि थोडी धास्तीही वाटेल. शाळेच्या तपासणीला अधिकारी येतात तेव्हा त्यांच्या छापील फॉर्मात रकाने असतात: इमारत पक्की की कच्ची, खोल्या किती, खिडक्या किती, हजेरीचे प्रमाण काय. कुरणाला खिडक्या किती म्हणून लिहावयाच्या? कडेवरचे मूल कोणत्या रकान्यात भरावयाचे? शाळाचालकाचे निम्मे आयुष्य अशा रकान्यांत जाते आणि हळूहळू त्याला वाटू लागते, की जे रकान्यात बसत नाही ते अस्तित्वातच नाही. रकाने वाईट नाहीत. त्यांच्याशिवाय अनुदान नाही, आणि अनुदानाशिवाय शिक्षकाला पगार नाही. अनुताईंनी संस्था चालवली म्हणजे हे सर्व त्यांच्याही वाट्याला आले असणारच. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. त्यानंतर जवळजवळ एकोणीस वर्षे कोसबाडचा भार त्यांनी वाहिला. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच, की त्यांनी फॉर्मासाठी मूल बदलले नाही, मुलासाठी शाळा बदलली.

याच बाईंनी डोळ्यांचा विकार असताना १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बी. ए. ची पदवी घेतली. त्यांना बढतीची गरज नव्हती, कोसबाडच्या टेकडीवर बढती देणारे कोणी नव्हतेही. पण दुसऱ्याला शीक म्हणून सांगणाऱ्याने स्वतः शिकणे थांबवू नये, एवढाच त्याचा अर्थ असावा. त्यांनी बालसेविकांना शिकवून तयार केले. बालवाडी कशी चालवावी हे साध्या मराठीत लिहून ठेवले. ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, पुढे स्त्रियांसाठी ‘सावित्री’ हे मासिक चालवले, आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात आपल्या कामाची हकीकत सांगितली. भारत सरकारने ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण दिले, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री दिली. जमनालाल बजाज पुरस्कार १९८५ साली मिळाला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई गेल्या. पस्तिसाव्या वर्षी पुणे सोडले, ते पुन्हा मागे फिरल्या नाहीत. सत्तेचाळीस वर्षे त्या या मुलांच्या होऊन राहिल्या.

यावर कोणी दोन आक्षेप घेईल आणि ते आपण टाळू नयेत.

पहिला आक्षेप असा, की वारल्यांचा प्रश्न पोटाचा, जमिनीचा आणि वेठीचा होता. त्यावर चिंचोके मोजावयास शिकवून काय होणार? आक्षेप क्षुल्लक नाही. ज्या १९४५ साली या दोघी बोर्डीला आल्या, त्याच वर्षीच्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी गावी किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकर त्या लढ्याच्या पुढारी. त्यांनी लिहिलेले ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. वेठ मोडली ती लढ्याने मोडली, बालवाडीने नव्हे. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु लढा जिंकल्यानंतरही सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचावयास कोणीतरी लागते. बापाने ताठ मानेने उभे राहावे यासाठी लढा हवा आणि मुलाने तशाच मानेने वर्गात बसावे यासाठी शाळा हवी. एकाच परिसरात एकाच वर्षी ही दोन कामे सुरू झाली. त्यांत डावेउजवे करण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा, की अशी माणसे शतकात एखादी. त्यांचे गोडवे गाऊन आपल्यासारख्या सामान्यांना काय लाभ? याला उत्तर घडलेल्या गोष्टींनीच दिले आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. म्हणजे एका वस्तीत दोन बायकांनी केलेली गोष्ट सर्व देशात होऊ शकते हे सिद्ध झाले. मात्र नाव गेले तेथे सगळीकडे त्याचा प्राण गेला असे म्हणवत नाही. पुष्कळ ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खाऊ वाटण्याची आणि वजन नोंदवण्याची जागा एवढेच लोकांना वाटते. तेथे राबणाऱ्या सेविकेला पगार नाही, मानधन आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला, तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सहाच्या खालचे मूल तेव्हा बाहेरच राहिले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा विचार केला आहे. कोसबाडला तो १९५७ पासून चालू होता.

आता आम्ही कोसबाडहून परत जेसल पार्कात येतो, आणि येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यात भूषण नाही.

आम्ही काही वर्षे एका शाळेचा कारभार पाहिला आहे. शाळेजवळ एका मोठ्या इमारतीचे बांधकाम चालू होते आणि मजुरांची कुटुंबे तेथेच पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. शाळेचा वार्षिक सेवादिन असे. त्या दिवशी आमचे विद्यार्थी त्या मुलांना वह्या आणि बिस्किटे वाटत, छायाचित्रे निघत आणि ती अहवालात छापली जात. अहवाल उत्तम निघे. एकदा सेवादिनानंतर दोन-तीन दिवसांनी त्या वस्तीतली एक मुलगी वही घेऊन शाळेच्या दारात आली. आठ वर्षांची असेल. कडेवर वर्षाचे मूल. ‘मला वर्गात बसायचंय,’ म्हणाली. आम्ही तिला काय सांगितले? ‘बाळ, शाळेत तान्हे मूल आणता येत नाही. याला घरी ठेव आणि ये.’ आवाज चढवला नाही, प्रेमाने सांगितले. तिने मान हलवली आणि ती गेली. पुन्हा आली नाही. काही महिन्यांत बांधकाम पुरे झाले, पत्रे उतरवले, माणसे दुसऱ्या कामावर निघून गेली. मुलगी कोठे गेली ते आम्हांस कळण्याचा मार्गही राहिला नाही.

त्या वेळी आम्हांस आपले काही चुकले असे वाटलेही नव्हते. नियम बरोबरच होता. पुढे कोसबाडच्या विकासवाडीविषयी वाचताना त्या पाळणाघराच्या मजकुरापाशी आम्ही थांबलो आणि ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली. मुलीची अडचण तीच, वय तेच, कडेवरचे मूलही तेच. अनुताईंनी अशा मुलीसाठी पाळणाघर उघडले आणि आम्ही तिला दारातून परत पाठवले. आमच्या शाळेत एक रिकामी खोली होती. जुनी बाके ठेवण्यासाठी आम्ही ती वापरत होतो. आज व्याख्यान देण्याचा अधिकार आम्हांस कोणता असेल तर तो त्या खोलीचा आहे. आमच्या हातून जे झाले नाही ते तुमच्या हातून व्हावे, एवढ्यासाठी हे सांगितले.

हे गाव आता शहर झाले. १९८५ साली नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली. एके काळी मिठागरांचे आणि कोळीवाड्यांचे असलेले भाईंदर आता मजल्यांचे झाले. पण हे मजले ज्यांनी चढवले त्यांची मुले कोठे वाढली, हे आपल्याला विचारावेसे वाटत नाही. आजही कोठे ना कोठे बांधकाम चालू आहे. वाळूच्या ढिगाशेजारी झोळी बांधलेली असते आणि झोळीला दोरी ओढणारी एक मुलगी असते. तिच्या समोरून शाळेच्या गाड्या भरून जातात.

कोणी म्हणेल, हे महापालिकेने पाहावे, सरकारने पाहावे. जरूर पाहावे, आणि ते पाहत नसतील तर त्यांना विचारणे हेही नागरिकांचे कर्तव्य आहे. आपल्या वॉर्डात अंगणवाडी कोठे आहे, तिला स्वतःची जागा आहे की भाड्याच्या खोलीत ती कोंडली आहे, सेविकेला मदतनीस आहे की नाही, हे आपणांपैकी किती जण सांगू शकतील? आम्ही स्वतः परवापर्यंत सांगू शकलो नसतो. पण आमची विनंती त्याहून साधी आहे. अनुताईंना अंगण मिळाले होते. आपल्या इमारतींना अंगण उरले नाही; जेथे अंगण असावयाचे तेथे मोटारी उभ्या आहेत. परंतु बहुतेक सोसायट्यांत एक हॉल आहे. सत्यनारायणाला, वाढदिवसाला आणि वार्षिक सभेला तो उघडतो. दुपारी अकरा ते दोन तो रिकामाच असतो. निवृत्त शिक्षिका प्रत्येक गल्लीत एखादी तरी आहे. चिंचोके, पाने आणि शिंपले आजही फुकट मिळतात. शिंपले वेचावयास तर येथून खाडीपर्यंत पाच मिनिटे चालावे लागेल. मग अडचण कोठे आहे? अडचण आहे ती नेमाने रोज जाण्याची. एका दिवसाची सेवा छायाचित्रात मावते. रोजची सेवा हजेरीपटावरच दिसते, आणि हजेरीपट कोणी अहवालात छापत नाही.

शाळा चालवणारी मंडळी येथे असतील. त्यांना हात जोडून एवढेच सांगावयाचे आहे, की वर्षाच्या अखेरीस उत्तीर्ण मुलांची यादी तुम्ही लावता, ती अवश्य लावा. पण एक दुसरी यादी स्वतःच्या मेजाच्या खणात ठेवा. आपल्या शाळेच्या हाकेच्या अंतरावर राहून जी मुले आपल्याकडे आली नाहीत, किंवा आली आणि गेली, त्यांची ती यादी. प्रत्येक नावापुढे कारण लिहा. आणि ते कारण लिहिताना ‘पालक उदासीन’ हे शब्द वापरावयाचे नाहीत असा स्वतःला नियम घाला. मग शाळेत काय बदलावे लागेल ते तुम्हांला आपोआप दिसू लागेल. बोर्डीला ते तसेच दिसले होते.

आमच्या यादीत एक मुलगी आहे. तिचे नाव आम्ही तेव्हा विचारले नव्हते, म्हणून ती ओळ कोरी आहे. तशी कोरी ओळ तुमच्या यादीत राहू नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.